राजय्यांचे पंख

राजय्या माणूस भेटला की त्याच्या तोंडाकडे आधी बघत नसत, पाठीकडे बघत. समोरून आलेल्या माणसाची पाठ कशी दिसणार? मग ते बोलता बोलता अर्धी चक्कर मारून त्याच्या मागं जात आणि तिथून बोलणं पुढं चालू ठेवत. नवखा माणूस गोंधळून जाई. आम्हा छापखान्यातल्यांना सवय झाली होती. "जरा हात वर करा की," असं ते म्हणाले की आमच्यातले गडी मुकाट्यानं हात वर करायचे, खाली घ्यायचे, पुन्हा वर करायचे. खांद्यामागचं फऱ्याचं हाड कातडीखाली कसं सरकतं ते त्यांना बघायचं असे. बायकांना मात्र त्यांनी असं कधी सांगितलं नाही. माझ्याशी बोलताना ते जमिनीकडे बघत.

माझे यजमान रेल्वेत होते. केमहून बदली होऊन आम्ही सोलापूरला आलो तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन बरी वर्षं झाली होती. मला घरी करमेना, म्हणून मी आप्पांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला जाऊ लागले. आप्पा म्हणजे गुरुलिंगप्पा. गड्याशी कानडीत, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि स्वतःशी दोन्हीत बोलणारा माणूस. छापखाना चाले लग्नपत्रिका, कॅलेंडरं आणि अगरबत्तीच्या पुड्यांवर. पण आप्पांचा जीव होता मुलांच्या एका मासिकात. बत्तीस पानं, खरबरीत कागद, मुखपृष्ठाला तेवढे दोन रंग. बार्शी, वैराग, मोडनिंब, अक्कलकोट, अशा गावांना त्याचे गठ्ठे एस.टी.नं जात. त्यात मी आधी कोडी लिहिली, मग गोष्टी. आणि एकदा आप्पा म्हणाले, "बाई, एक चित्रकथा करू. दर महिन्याला सहा पानं. उडणारा माणूस पाहिजे."

तसा मी विहंग लिहिला. दूरच्या एका पठारावर पंखवाल्या माणसांची वस्ती आहे आणि तिथला एक तरुण वाट चुकून आपल्या मुलखात येतो, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. आमच्या चित्रकारानं पहिल्या भागाची चित्रं काढली आणि त्याला पुण्यात नोकरी लागली. तो गेला. आप्पांनी पूर्व भागातल्या कुणाला तरी निरोप धाडला आणि राजय्या आले.

पूर्व भाग म्हणजे आमच्याकडचा विणकरांचा भाग. घराघरांत माग, गल्लीत शिरलं की खटक-खटक आवाजात आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. राजय्यांचे आजोबा तेलंगणातून चालत इथं आले म्हणत. राजय्या स्वतः मागावर फारसे बसले नाहीत. ते चादरींचे नक्षीवाले. बारीक चौकड्यांच्या कागदावर एकेक चौकडा रंगवून मोर, कमळ, हत्ती, वेली उतरवायच्या. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि ती नक्षी चादरीत उतरते. अंगानं काटकुळे, पांढरा पायजमा, पांढरा सदरा, कानावर पेन्सिल. वय चाळिशीच्या आसपास. चौकड्यांच्या कागदाची एक गुंडाळी काखेत घेऊन ते दारात उभे राहिले. आप्पांच्या डोक्यावर भिंतीला आम्हीच छापलेलं एक कॅलेंडर होतं. त्यावर पांढऱ्या झग्यातली परी. राजय्यांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

"हे उडणार न्हाय," ते म्हणाले.

"का?" आप्पांनी विचारलं.

"चिकटवलंय नुसतं. पाठीला. डिंकानं लावल्यासारखं."

मराठी वाचायला त्यांना वेळ लागे. म्हणून मी गोष्ट वाचून दाखवली. डोळे मिटून त्यांनी ऐकली आणि मग विचारलं, "ह्या माणसाला हात हायत का?"

"आहेत."

"आन पंखबी हायत?"

"हो."

"पाखराचं पंख म्हंजे त्येचं हातच असतंय की वैनी. ह्येला मंग दोन जादा हात झालं. ते कुटनं सुरू होतंय?"

तलवार धरायला हात हवेत आणि उडायला पंख हवेत, एवढाच माझा विचार. आप्पा म्हणाले, "राजय्या, लहान पोरांचं पुस्तक हाय. पाठीवर दोन पंख काढा आन द्या."

"आठ दिवस द्या," राजय्या म्हणाले, आणि गुंडाळी काखेत घालून निघून गेले.

त्या आठ दिवसांत त्यांनी काय केलं ते मला पुढं तुकड्यातुकड्यानं कळलं. रोज सकाळी ते धान्याच्या बाजारात जाऊन बसत. हमाल पोतं पाठीवर घेतो तेव्हा त्याची पाठ कुठं फुगते आणि कुठं खळगा पडतो ते चौकड्यांच्या कागदावर उतरवून घेत. तिथून कोंबड्या विकणाऱ्या करीमभाईंच्या दुकानी. करीमभाईंना या गिऱ्हाइकाची मोठी मौज वाटे. "लोगां मुर्गी लेको जाते, पंखां फेंकते," ते मला एकदा म्हणाले. "ये राजय्या पंखां लेको जाता, मुर्गी छोड देता." तो पंख घरी नेऊन उकळायचा, मांस सोडवायचं, हाडं राखेनं घासून वाळवायची आणि तारेनं पुन्हा जोडायची. शेवटी ते जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर म्हशीच्या मागं हात घालून उभे, आणि हे विचारतायत, पाखरू पंख खाली कशानं दाबतं. डॉक्टर भले गृहस्थ. हात धुऊन आले आणि तासभर बोलले.

नवव्या दिवशी राजय्या चपलांचा एक रिकामा खोका घेऊन आले. त्यात तारेनं जोडलेला कोंबडीचा पंख आणि छातीचं हाड. होडीच्या पुढच्या टोकासारखं, मधोमध धारेचं.

"बघा वैनी. पंख वर न्यायला लई जोर लागत न्हाय. खाली दाबायला लागतंय. आन दाबणारं मांस पाठीत नसतंय. हितं असतंय," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या छातीवर चापट मारली. "ते ह्या हाडाला धरून असतंय. पाठीवर नुसतं पंख लावलं तर त्येला ओढणार कोण?"

त्यांनी काढलेला विहंग तेव्हा आम्ही पहिल्यांदा पाहिला. खांद्याच्या फऱ्याखाली आणखी एक फऱ्यांची जोडी. छाती खोल, पुढं आलेली. पाय बारीक, कारण वजन कमी हवं. मिटलेल्या पंखांचा सांधा डोक्याच्याही वर आलेला आणि टोकं पोटऱ्यांपर्यंत उतरलेली. उघडलेला एक पंख माणसाच्या उंचीपेक्षा लांब. तो चौकटीत मावेना, म्हणून राजय्यांनी चौकटीची रेघ तोडून बाहेर काढला होता.

आप्पा बराच वेळ कागद लांब धरून बघत राहिले. मग म्हणाले, "हिरो हाय का कोंबडा हाय?"

"उडणारा हाय," राजय्या म्हणाले.

छापताना पहिल्या खेपेला घोटाळा झाला. राजय्यांनी पिसान् पीस काढलं होतं. आमचा कागद खरबरीत, बारीक रेघांमध्ये शाई भरली आणि पंखांचे काळे डाग उमटले. दुसरा चित्रकार यंत्रवाल्यावर चिडला असता. राजय्यांनी तो खराब कागद घडी घालून खिशात ठेवला. पुढच्या महिन्यात त्यांनी टोकाची दहा पिसं तेवढी सुटी काढली, बाकीच्या पिसांच्या फक्त कडा दाखवल्या, आणि मधला सगळा भाग कोरा सोडला. पंख आधीपेक्षा जास्त भरलेला दिसू लागला. "चादरीत हत्तीचं अंग भरायचं नसतंय, कडा नीट धरायची असती," ते म्हणाले. "बाकीचं बघणारा भरतंय."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती मुद्रितं दाखवायला. पुढच्या खोलीत भावाचा माग, मागच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन. नागम्मा परकर-पोलकी शिवे. गोल चेहऱ्याची, पानानं ओठ लाल झालेली ठसठशीत बाई. नवऱ्याचं चित्रकामाचं वेड तिला कळत नव्हतं असं ती स्वतःच सांगे, पण भिंतीवर डकवलेला एकही कागद तिनं कधी काढून टाकला नव्हता. मी बसले होते तेवढ्यात तिनं मशीन थांबवलं, माझ्या हातातल्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्येनं सदरा कसा घातला?"

विहंगच्या अंगात राजय्यांनी बिनबाह्यांचा अंगरखा काढला होता. पंख त्यातून बाहेर आले होते. कसे आले होते ते आम्हा दोघांपैकी कुणीच बघितलं नव्हतं.

"भोकं असतील पाठीला," मी म्हटलं.

"एवढं लांब पंख भोकातनं कोण घालतंय? अर्धा दिवस जाईल की."

राजय्या उठून जवळ आले. नागम्मानं पांढऱ्या कापडाचा एक तुकडा उचलला आणि आमच्यासमोर बेतायला घेतला. "लहान लेकराचं झबलं असतंय बघा, पुढनं घालायचं, मागं बांधायचं. तसं पाहिजे. एक पट्टी पंखाच्या वरनं, एक मधनं, एक खालनं. तीन नाड्या." मग ती थांबली. "पर ह्या नाड्या बांधणार कोण? पंखाच्या मागं ह्येचा हात पोचतंय व्हय?"

राजय्यांनी आपला हात पाठीमागं नेऊन बघितला. पोचत नव्हता.

"म्हंजे ह्यो एकटा राहत नसणार," नागम्मा म्हणाली आणि पुन्हा मशीन चालवायला लागली.

माझी सगळी गोष्ट त्या दुपारी बदलली. मी विहंगला एकटाच भटकायला आणला होता. आता त्याला एक बहीण आली. ती सकाळी त्याच्या नाड्या बांधे, तो तिच्या. दोघं भांडली की दिवसभर उघड्या पाठीनं हिंडत. मुलांना ते भांडण इतकं आवडलं की त्यावर पत्रं आली. "पंखवाले झोपतात कसे?" हा प्रश्नही नागम्माचाच. पालथे झोपतात, असं तिनंच ठरवलं, आणि म्हणून त्यांच्या उशा मधे खळगा असलेल्या असतात. राजय्यांनी तशी उशी काढली. पत्रांत सगळ्यात जास्त कौतुक त्या उशीचं होतं.

एक गोष्ट मात्र राजय्यांना छळत होती. माणसाएवढं जड पाखरू जमिनीवरून उठतं कसं? चिमणी टुणकन उडते. घार कड्यावरून स्वतःला सोडून देते. जडानं काय करायचं? कुणीतरी त्यांना सांगितलं की नान्नजच्या माळावर माळढोक दिसतो, आणि उडणाऱ्यात त्याच्याएवढं वजनदार पाखरू आपल्याकडं दुसरं नाही. माझ्या यजमानांची त्या आठवड्याची सुट्टी होती. आम्ही तिघं पहाटेची गाडी धरून गेलो. थंडीचे दिवस. गुडघ्याएवढं वाळकं गवत, क्षितिजापर्यंत एक झाड नाही. एका धनगरानं आम्हाला बांधाआड बसवलं आणि म्हणाला, "गुमान बसा. त्यो लई मानी हाय."

दोन तास काही दिसलं नाही. यजमान पेंगायला लागले. मग गवतातून एक पांढरी मान वर आली. काळी टोपी घातल्यासारखं डोकं. केवढं थोरलं ते पाखरू! एखादा पाटील शेत बघायला निघावा तसं सावकाश पावलं टाकत ते आमच्या समोरून गेलं. लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं. पाखरानं मान ताठ केली, तोंड वाऱ्याकडं केलं आणि ते धावायला लागलं. पाच पावलं, सात, दहा. पंख उघडले, खाली दाबले, पुन्हा दाबले. पाय अजून जमिनीला लागतच होते. मग लागेनासे झाले. गवतावरून हातभर उंचीनं ते बरंच लांब गेलं आणि मग हळूहळू चढलं.

मी राजय्यांकडं बघितलं. त्यांच्या मांडीवर कागद कोराच होता.

"काढलं नाहीत?"

"न्हाय," ते म्हणाले. त्यांचे दोन्ही हात गवतात रुतले होते, जणू तेच उडून जातील म्हणून धरून बसलेले. "वाऱ्याच्या समोर पळतंय, वैनी. मला वाटलं होतं वारा मागनं पाहिजे."

तेव्हापासून विहंग पळून उडू लागला. उडायच्या आधी एक आडवी लांब चौकट, त्यात तो वाऱ्याच्या समोर तोंड करून धावतोय, गुडघे वर, पंख अर्धे उघडलेले. चार महिने मासिक चांगलं चाललं. मग वैरागचा तो माणूस आला.

दुपारची वेळ होती. धोतर, मुंडासं, हातात आमच्या अंकाची सुरळी. आत येऊन त्यानं ती आप्पांच्या टेबलावर ठेवली. "ह्ये कुणी काढलंय?"

त्याची मुलगी कुसुम, वय नऊ. तिनं घरातली दोन सुपं घेतली, दंडाला बांधली, आईच्या लुगड्याच्या तीन पट्ट्या फाडून चित्रात दाखवल्यात तशाच पाठीवर आवळल्या, आणि कडब्याच्या गंजीवरून उडी घेतली. गळ्याखालचं हाड मोडलं. बार्शीच्या डॉक्टरनं पट्टा बांधला होता. "पोरीला ईचारलं, असं का केलंस, तर पुस्तक दावती. पोरांच्या पुस्तकात असलं काय बी छापायचं व्हय?" तो माणूस ओरडत नव्हता.

आप्पांनी मला नजरेनं गप्प बसायला सांगितलं आणि म्हणाले, "चित्रकार बाहेरचा हाय. आज आलेला न्हाय."

राजय्या खिडकीजवळच्या टेबलावर बसले होते. ते उठले. "म्या काढलंय," ते म्हणाले.

त्या माणसाला बहुधा कुणीतरी दांडगा, शहरी माणूस अपेक्षित असावा. समोर हे काटकुळे, बोटं शाईनं माखलेली. तो बघत राहिला. राजय्यांनी विचारलं, "कंचं हाड?" त्यानं स्वतःच्या गळ्याखाली बोट लावून दाखवलं. राजय्या हळूच खाली बसले.

त्यानंतर ते चार दिवस आले नाहीत. आप्पांनी ठरवून टाकलं, चित्रकथा बंद. पाचव्या दिवशी मी पूर्व भागात गेले. नागम्मा दारातच म्हणाली, "जेवत न्हायत नीट. तुमी बोला." राजय्या आत बसले होते. पुढ्यात चादरीच्या कमळाचा कागद, पण ब्रश कोरडा.

"चूक माझीच हाय वैनी," ते म्हणाले. "कॅलेंडरातल्या परीकडं बघून आजपातूर कुणी गंजीवरनं उडी मारली का? न्हाय मारली. खोटं दिसत होतं म्हणून पोरं शहाणी राहिली. म्या खरं दिसंल असं केलं."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, जसे ते सगळंच ऐकून घेत. मग म्हणाले, "मला त्या पोरीला बघायचंय. तुमी येता का? तुमी असला तर तिची आई बोलंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं वैरागला गेलो. राजय्यांनी चपलांचा खोका मांडीवर घेतला होता. घर गावाच्या कडेला, अंगणात ती गंज. बापानं आम्हाला बघून घोंगडी अंथरली. आईनं गूळ-शेंगा पुढं ठेवल्या. कुसुम बाजेवर बसली होती, डावा हात गळ्यात बांधलेला. केस कापलेले, डोळे भारी चौकस. राजय्या तिच्या समोर खाली बसले. त्यांनी बहुधा माफी मागायचं ठरवलं होतं. त्यांच्या तोंडून शब्द निघायच्या आधी तीच बोलली.

"मी पळाले न्हाय म्हणून पडले व्हय? गंजीवर पळायला जागाच न्हवती."

राजय्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा इतक्या दिवसांचा ताण किंचित सैल झालेला मी पाहिला.

"न्हाय," ते म्हणाले. "पळाली असतीस तरी पडली असतीस. का ते दावू?" त्यांनी खोका उघडला. "आधी तुझ्या छातीला हात लाव. मधोमध. कसं हाय?"

"सपाट."

"आता ह्येला लाव."

तिनं उजव्या हाताचं बोट कोंबडीच्या हाडाच्या धारेवरून फिरवलं. आई जवळ सरकली. बाप दारातून बघत होता.

"पंख दाबायचं मांस ह्या हाडाला धरतंय. तुला हे हाड न्हाय. मलाबी न्हाय. तुझ्या बापाला एवढी ताकद हाय, त्येलाबी न्हाय. म्हणून माणसानं काय बी बांधलं तरी पडतंय."

"विहंगला हाय?"

"हाय. म्या त्येला दिलंय."

"मग तसं पुस्तकात सांगायचं की," कुसुम म्हणाली. "मला काय म्हाईत?"

बाप पुढं आला, उकिडवा बसला आणि त्यानं तो तारेचा पंख हातात घेतला. उघडून बघितला, मिटून बघितला. "कोंबड्या सोलता सोलता जल्म गेला," तो म्हणाला, "पर ह्ये कधी बघितलं न्हाय." मग राजय्यांकडं न बघता म्हणाला, "म्होरल्या अंकात छापा मग. पोरगी वाट बघंल."

परतीच्या गाडीत राजय्या खिडकीला डोकं टेकून झोपले. सोलापूर आल्यावर ते घरी न जाता सरळ छापखान्यात आले आणि आप्पांसमोर उभे राहिले. "सहाच्या जागी सात पानं पाहिजेत. एकच महिना." आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. त्यांनी कानडीत एक सुस्कारा टाकला आणि कबूल झाले.

ते सातवं पान राजय्यांनी काढलेलं सगळ्यात सुंदर पान होतं असं मला अजून वाटतं. एका बाजूला विहंग, एका बाजूला कापलेल्या केसांची एक मुलगी, दोघं पाठमोरी आणि दोघांची हाडं कातडीखाली दिसतील अशी. मधे समोरून बघितलेल्या दोन छात्या. खाली माझे शब्द होते, पण ते मी राजय्या आणि कुसुमच्या त्या बोलण्यातूनच घेतले होते: माणसाला हे हाड नाही, म्हणून माणूस पडतो, विहंगला आहे, कारण तो गोष्टीतला आहे. एका शाळेच्या मास्तरांनी वर्गात लावायला त्या पानाच्या प्रती मागवल्या. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी येऊन एक प्रत नेली.

दोन महिन्यांनी वैरागहून कार्ड आलं. वाकड्यातिकड्या अक्षरांत कुसुमनं लिहिलं होतं की हात बरा झालाय, आणि चौथ्या पानावर विहंगचा डावा पंख मागून दिसतोय तिथं पिसं उलटी चढलीत, वरचं पीस खाली गेलंय. राजय्यांनी अंक काढला, चष्मा कपाळावर ढकलून पान नाकाजवळ नेलं आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "बरोबर हाय तिचं." दिवसभर ते कार्ड त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. भेटेल त्याला वाचायला देत. यंत्रवाल्याला दिलं, कागद आणणाऱ्या हमालाला दिलं, संध्याकाळी करीमभाईंना वाचून दाखवायला मलाच सोबत नेलं. तेव्हापासून दर अंकाची पहिली प्रत वैरागला जाई, आणि कार्ड येईपर्यंत राजय्या अस्वस्थ असत. "चूक सापडली न्हाय" असं कार्ड आलं की त्यांना ते फारसं आवडत नसे. नीट बघितलंच नसणार, म्हणत.

विहंग साडेतीन वर्षं चालला. पुढं आप्पा थकले. त्यांच्या मुलांनी छापखाना हातात घेतला आणि मासिक आटोपतं घेतलं. कुणाचं भांडण झालं नाही. शेवटच्या भागात काय करायचं म्हणून मी राजय्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "बहीण-भावाला घरी पोचवा. लई लांब आलेत." तसंच केलं. राजय्या पुन्हा चादरींच्या नक्षीकडं वळले. वाटेत भेटत, हसत, चौकशी करत. मासिक बंद पडल्याचं दुःख त्यांना होतं की नाही, मला कधी कळलं नाही. नागम्मानं मात्र मला एकदा सांगितलं की घराच्या भिंतीला चुना लावायचा होता, तर राजय्यांनी ते चित्रांचे कागद आधी सगळे उतरवले आणि चुना वाळल्यावर जिथल्या तिथं पुन्हा लावले.

आमची बदली झाली त्या वर्षी जानेवारीत आम्ही पोरांना घेऊन संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत गेलो होतो. ऊन उतरायला लागलं होतं. पाळण्यांच्या पलीकडं फोटोवाल्यांच्या राहुट्या. कुठं पुठ्ठ्याची मोटार, कुठं विमान. एका राहुटीपुढं रांग जास्त दिसली म्हणून मी थांबले. आत निळ्या पडद्यावर दोन मोठे पंख रंगवले होते, अर्धे उघडलेले. समोर स्टूल. त्यावर अक्कलकोटकडचा एक म्हातारा शेतकरी बसला होता, डोक्याला नवा रुमाल. आणि पडद्याजवळ राजय्या.

ते त्याला फोटोसाठी बसवत होते. दोन पावलं मागं जाऊन बघत, पुन्हा पुढं येऊन त्याचा खांदा बोटभर सरकवत, हनुवटी उचलत. फोटोवाला वैतागून म्हणाला, "राजय्या, झालं का? माणसं खोळंबलीत." राजय्यांनी न ऐकल्यासारखं केलं. म्हाताऱ्याला ते कानडीत काहीतरी म्हणाले आणि तो पाठ ताठ करून बसला. फोटो निघाला. म्हातारा उतरला. पाळण्यांकडून यजमानांनी मला हाक मारली, पोरं पाळण्यावरून उतरली होती. मी राजय्यांना हाक मारली नाही. ते कामात होते.

म्हाताऱ्याची बायको पदर तोंडाला लावून कडेला उभी होती. राजय्यांनी तिला स्टुलाकडं हात केला. ती मान हलवत मागं सरली, हसली, पुन्हा नको म्हणाली. पण ती उंचीनं नवऱ्याच्या निम्मी होती, तिचे खांदे पंखांच्या मुळाशी पोचले नसते, आणि राजय्या तोवर खाली वाकून स्टुलाच्या पायांखाली विटा सरकवायला लागले होते.